डाळीच्या परातीतला सुनेला

पिवळा रंग मला अप्पांनी डाळींवरून शिकवला. पाथरीच्या बाजारपेठेत माझ्या वडिलांचं डाळी-दाण्याचं दुकान होतं. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या तीन खोल्यांत आम्ही. त्यामुळे घरात नवं लुगडं आलं तर ते मुगाच्या डाळीचं की तुरीच्या डाळीचं हे आधी ठरायचं, मग काठ बघायचे. शेजारच्या माणसाला कावीळ झाली होती, त्याला बघून आल्यावर अप्पांनी आईला सांगितलं, "परवा हरभऱ्याची डाळ होता, आज मुगावर आलाय. वाचतो आता." आणि तो वाचला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझं लग्न. ते एका पिवळ्या खड्यापायी मोडता मोडता राहिलं. मोडलं असतं तर त्यातला निम्मा दोष माझा असता, कारण निम्मी उचापत माझी होती.

मला तेव्हा अठरावं लागलेलं. निजामाच्या राज्यात, आमच्या त्या वाणी आळीत, अठरा वर्षांची बिनलग्नाची मुलगी म्हणजे दाराशी सोडून ठेवलेली रिकामी गाडी. येणारा-जाणारा विचारणारच, काय, बैल कुठं गेले? दोन स्थळं माझ्या उंचीमुळे परत गेली होती आणि एक माझ्या जिभेमुळे. यानंतरचं स्थळ तयार होतं, तेही सांगून टाकते: गंगेपलीकडचा, म्हणजे गोदावरीपलीकडचा, एक बिजवर. त्याची थोरली मुलगी माझ्याहून सहा महिन्यांनी लहान होती. आई म्हणायची, "बरंय की, मैत्रीण मिळंल."

त्याच्या आधी आलं झरीचं स्थळ. शेतीवाडीचं घर, आमच्यासारखीच गळ्यात लिंग बांधणारी माणसं. मुलगा परभणीला उर्दूत शिकून गावच्या शाळेत मास्तर झालेला. बघायच्या दिवशी वडीलधाऱ्यांचे प्रश्न संपले, स्वयंपाक येतो का, वाचता येतं का, डोळ्यांनी नीट दिसतं का. मग कोणीतरी म्हणालं, मुलाला काही विचारायचं असेल तर विचारू द्या. तो जरा पुढं सरकला आणि म्हणाला,

"पोहता येतं का तुम्हाला?"

पाथरीत मुलीला हे कोणी विचारलं नव्हतं. मी मान खाली घालून म्हणाले, "पाण्यात उतरले न्हाई तवर येतं."

त्याला इतकं हसू फुटलं की तोंडातली सुपारी घशात अडकली. दोघांनी त्याच्या पाठीत बुक्के घातले. बुक्के खाताखाता, डोळ्यांत पाणी आलेलं असतानाही तो हसतच होता. मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. करायचं तर या ठसका लागलेल्या माणसाशी.

पण झरीच्या त्या घरात ठरवायचं काम एकाच व्यक्तीकडे होतं, ते म्हणजे मुलाची आत्या. लहान अंगाची, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, आणि आवाज असा की वेशीवरचं कुत्रं उठून बसावं. आत्याबाईंनी मला वरून खाली बघितलं, मग खालून वर. माझ्या उंचीमुळे दोन्ही वेळा वेळ लागला.

"पोरगी पसंत हाय," त्या म्हणाल्या. "जीभ लांब हाय, पन आमच्या घरी ऐकून घेनारे लय हायेत. फकस्त एक गोष्ट. पोराचा गुरू लय कमजोर हाय, पंचांगवाल्यानं सांगितलंय. साखरपुड्याला तुमी त्याच्या बोटात पुष्कराज घाला. आन् रंग ह्यो असा पायजे."

असं म्हणून त्यांनी पदराची गाठ सोडली आणि अप्पांच्या समोर हरभऱ्याच्या डाळीचे चार दाणे ठेवले.

"आमच्या रानातली हाय. बेस्तरवारी हीच दान करतो आमी. गुरूला ह्योच रंग लागतो."

अप्पांनी तोवर पुष्कराज डोळ्यांनी बघितला नव्हता. त्यांच्या समजुतीनं ग्रहांचे खडे म्हणजे जत्रेतल्या मण्यांचे जरा मोठे भाऊ. त्यात समोर डाळ ठेवलेली, म्हणजे बोलणं त्यांच्याच भाषेत चाललेलं. त्यांनी दाणा उचलून उजेडात धरला, "चांगली पोसलीय," असं कौतुक केलं आणि म्हणाले, "दिला म्हणा."

शेरभर डाळ मोजायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात शब्द देऊन झाला. मग रात्रभर त्यांना एकच शंका, ती त्यांनी आईला बोलून दाखवली: "गळ्यात लिंग असताना बोटात गुरू कशाला? आपला गुरू तर पायी चालत येतो, जेवतो आणि दक्षिणा घेऊन जातो." आई म्हणाली, "तो जेवणारा गुरू, हा लग्न जमवणारा. झोपा."

उरूस जवळ आला होता. दर उरुसाला हैदराबादेहून एक खडेवाले चाचा यायचे. अंगठीतले अकीक, फिरोजे, तावीज असं सगळं एका लाल पेटीत. अप्पांनी त्यांना घरी बोलावलं. चाचांनी पेटीतून एक डबी काढली, डबीतून कापूस, कापसातून एक खडा. काढताना त्यांनी श्वास रोखला होता, म्हणून आम्हीही रोखला.

"पुखराज," चाचा म्हणाले आणि किंमत सांगितली.

अप्पांनी पुन्हा विचारली, नीट ऐकू न आल्यासारखी. चाचांनी पुन्हा सांगितली. तेवढ्यात एक बरी बैलजोडी आली असती, आणि बैल निदान नांगर तरी ओढतात. अप्पांनी आईकडे बघितलं. आईनं तो खडा बघितला आणि म्हणाली, "एवढ्या पैशात रंग तरी नीट द्यायचा होता." खरंच तो अगदीच फिकट होता. जवळ नेऊन बघितलं तर पिवळा, हात लांब केला तर नुसतं पाणी.

"कायकू परेशान होते सेठ?" चाचांनी पेटीचा दुसरा कप्पा उघडला. "पुखराज नवाबां की चीज है. तुम सुनेला देखो."

आणि त्यांनी पांढऱ्या कागदावर सुनेल्याचे, म्हणजे सोनेरी स्फटिकाचे, सात खडे मांडले. आहाहा! पडद्यामागून माझी मान किती बाहेर आली ते मला आईनं मागं ओढल्यावर कळलं. एक लिंबाच्या सालीसारखा. अप्पा लगेच म्हणाले, "मूग." एक जरा गडद, ऊन धरून ठेवल्यासारखा. "हरभरा." त्याच्या पुढचा दाखवून चाचा म्हणाले "शहद" आणि अप्पा म्हणाले "तूर," आणि त्यावर दोघांत थोडा वाद झाला. मग तांबूस पिवळे दोन-तीन आणि शेवटचा गुळाचा पाक कढईत विसरल्यावर होतो तसा, काळसर-तपकिरी.

"ये गहरेवाले तो पैदाइशी जामुनी थे," चाचांनी आवाज खाली आणून सांगितलं. "जामुन के माफिक. भट्टी में डाले, पीले होके निकले."

"म्हणजे कावीळच झाली," आई म्हणाली.

"बाई, भट्टी में जाके कौन पीला नई होता?"

अप्पांनी हरभऱ्याच्या डाळीचा तो खडा उचलला. किंमत विचारली. किंमत ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. "आणि हा पुष्कराजच की," ते म्हणाले. ते विचारत नव्हते, चाचांना आडवाट दाखवत होते.

चाचांनी ती वाट घेतली नाही. "नक्को बोलो सेठ. सुनेला सुनेला है, पुखराज पुखराज है. ये बिल्लोर का भाई है. हलका है, सस्ता है, देखने कू सुंदर है. मैं झूट बोल के नई बेचता."

इथं आमच्या अप्पांविषयी एक सांगायला हवं. तुरीच्या डाळीत लाखेची डाळ मिसळणारे त्या काळी पुष्कळ. लाखही पिवळी, तूरही पिवळी, आणि लाख पुष्कळ स्वस्त. पण रोज लाख खाल्ली तर माणसाचे पाय जातात, असं म्हणत. अप्पांच्या तुरीत लाखेचा दाणा सापडला तर ते पोतं उलटं करून दाखवायचे. लाखेचं पोतं वेगळं, कोपऱ्यात. मागेल त्याला तीही द्यायचे, पण "ही लाख हाय, सांभाळून" असं बजावून. पाथरीत त्यांची तेवढीच काय ती श्रीमंती.

चाचा गेल्यावर आई म्हणाली, "त्या बाईला रंग पायजे. रंग हाय. घाला की अंगठी आणि गप बसा."

"पुष्कराज म्हणून सुनेला द्यायचा म्हणजे तुरीत लाख."

"अंगठी काय शिजवून खाणार हायेत ते? कुणाचे पाय जात न्हाईत."

"लाख म्हणून विकली तर लाख चांगली. तूर म्हणून विकली की वाईट. मी सांगणार त्यांना."

"सांगा," आई म्हणाली, "आणि मग गंगेपलीकडच्या जावयाला पण सांगा, आमची पोरगी तुमच्या पोरीबरोबर सागरगोटे खेळंल."

सांगितलं तर सोयरीक जाणार. न सांगितलं तर अप्पा आयुष्यभर तुरीत लाख दिसल्यासारखं तोंड करून बसणार. मी दोन दिवस विचार केला आणि मला वाटलं, मला तोड सापडली. मी अप्पांपाशी गेले.

"अप्पा, आत्याबाई साखरपुड्याच्या आदल्या दिवशी खडा बघायला येणारच हायेत. तुम्ही एकच खडा दाखवू नका. सगळे दाखवा, त्यात तो महागाचाही ठेवा. त्यांनी त्यांच्या हातानं निवडावा, त्यांच्या तोंडानं नाव ठेवावं. आपण तोंड उघडायचंच न्हाई. मग खोटं बोललं कोण?"

अप्पा बराच वेळ तराजूची साखळी सरळ करत बसले. मग म्हणाले, "हूं."

मी त्या 'हूं'ला 'हो' समजले. तिथं चुकले.

आत्याबाई आल्या. झरीहून परभणीला बैलगाडीनं, तिथून मानवत रोडपर्यंत आगगाडीनं, पुढं टांग्यानं, आणि सोबतीला भाचा. त्याला ओसरीवर बसवलं होतं, पण त्याची मान आणि माझी मान एकाच पडद्याच्या दोन बाजूंना होत्या. मी मोठी परात हरभऱ्याच्या डाळीनं भरून ठेवली होती आणि खडे तिच्यावर मांडायला सांगितलं होतं. पेटी घेऊन पुन्हा आलेल्या चाचांना ही मांडणी पसंत नव्हती. "बेटी, मेरा पुखराज दाल में घुस गया तो आमटी में ढूंढूं क्या?"

आत्याबाई परातीपुढं मांडी घालून बसल्या. पदराची गाठ सुटली, त्यांचा स्वतःचा दाणा बाहेर आला. आमच्या डाळीवर त्यांचा विश्वास नव्हता. एकेक खडा दाण्याशेजारी धरून त्या निकाल द्यायला लागल्या.

"ह्यो मुगाचा."

अप्पांनी मान डोलावली. धंद्यातल्या माणसाला धंद्यातलं माणूस भेटल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही.

"ह्यो तुरीचा. ह्यो तर जळका, ह्याला कोन घेतंय?" मग त्यांच्या हाताला पुष्कराज लागला. "आन् ह्ये काय? ताकाची निवळी! ह्याला रंग म्हनत्यात?" आणि त्यांनी नखानं तो टिचकावला. नवाबांची ती चीज परातीच्या काठावरून उडून फरशीवर घरंगळत निघाली. चाचांनी त्यांच्या वयाला न शोभणारी झेप घेतली आणि उंबऱ्याशी तिला गाठलं.

तोवर आत्याबाईंनी हरभऱ्याच्या डाळीचा सुनेला उचलला होता. तो दाण्याशेजारी धरला, दारातल्या उजेडात फिरवला आणि जाहीर केलं, "ह्योच पुष्कराज."

पडद्यामागं मी पदर तोंडात कोंबला. झालं होतं. माझी योजना तडीस गेली होती. आता अप्पांनी दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसायचं होतं. मी मनातल्या मनात मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार.

"आत्याबाई," अप्पा म्हणाले, "त्यो सुनेला हाय. तुम्ही उडवलात त्यो पुष्कराज."

आईनं कपाळावर हात मारला, त्याचा आवाज मला आत ऐकू आला.

आत्याबाईंनी अप्पांकडे बघितलं. मग चाचांकडे. मग हातातल्या खड्याकडे. आणि त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते आमच्यापैकी कोणाच्याही कल्पनेत नव्हतं.

"असं व्हय," त्या म्हणाल्या. "चांगला खडा हातचा जाऊ नये म्हनून त्याला नावं ठेवायलाव व्हय?"

"आँ?"

"आमी बी बैलबाजार बघितलाय, पाव्हनं. बैल पसंत पडला की गिऱ्हाईक म्हनतं, लंगडा हाय. तुमाला ती निवळी आमच्या गळ्यात बांधायचीय, आन् ह्यो ठेवायचाय घरात."

"अहो, निवळी महाग हाय! मी तुम्हाला स्वस्त देतोय म्हणून सांगायलोय!"

"ह्याच्यावर कोन इश्वास ठेवंल? वानी मानूस आपल्या मालाला स्वस्त म्हनतो, आसं कुटं झालंय का?"

चाचांनी दाढीला हात लावून शपथ घेतली. आत्याबाई म्हणाल्या, "दोघं मिळालेले हायेत." अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली. त्या म्हणाल्या, "एवढ्या शपथा खऱ्या गोष्टीला लागत न्हाईत." ते जितके खरं बोलत गेले तितक्या आत्याबाई पक्क्या होत गेल्या.

"ह्योच खडा द्या. पुष्कराज म्हनून द्या."

"तोच देतो. सुनेला म्हणून घ्या."

"पुष्कराज म्हनून."

"सुनेला म्हणून."

खडा एकच. देणारा द्यायला तयार, घेणारी घ्यायला तयार. आणि तरी माझं लग्न दोघांच्या मधोमध जमिनीवर पडलेलं. अप्पांचा आवाज चढला, मग आत्याबाईंचा त्याच्या वर चढला, आणि त्या उठल्या. "टांगा सांग रे," त्यांनी ओसरीकडे हाक मारली. "न्हाई जमत."

पडद्याच्या फटीतून मला तो दिसला. तो उभा राहिला होता. बिन हसण्याचा त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो मला अजिबात आवडला नाही.

मी मागच्या दारानं दुकानात गेले. सुपात दोन ओंजळी तूर टाकली. कोपऱ्यातल्या पोत्यातून एक ओंजळ लाख. हातानं कालवली. आणि पडदा बाजूला सारून, डोक्यावरचा पदर नीट आहे की नाही हेही न बघता, सूप आत्याबाईंच्या पुढं ठेवलं.

"आत्याबाई, जाताजाता एवढी डाळ बघून जावा. आमच्या दुकानची तूर हाय."

अप्पांनी सुपात बघितलं आणि त्यांचा चेहरा मुगावर आला. आपल्याच घरात, आपल्याच मुलीच्या हातून!

आत्याबाईंना खरं तर जायचं होतं. पण समोर सूप आलं की त्यांच्या पिढीच्या बाईला उभं राहता येत नसे. त्या टेकल्या. बोटं सुपात गेली.

"तूर म्हनं! ही लाख हाय निम्मी."

"कशावरून? दोन्ही पिवळ्याच की."

"आंधळी हायेस का गं? ही बघ, चपटी, कोनाची. आन् ही गोल, भरल्या अंगाची." दाणे भराभर दोन बाजूंना पडायला लागले. "चाळीस वरसं झाली, डाळ निवडायले मी."

"चाचा पन्नास वर्षं खडे निवडायलेत," मी म्हणाले.

त्यांची बोटं थांबली नाहीत. पण बोलणं थांबलं. सुपातला शेवटचा दाणा वेगळा झाला. मग त्यांनी लाखेचा ढीग अप्पांच्या दिशेनं सरकवला.

"लाखेचं पोतं ठेवता दुकानात?"

"ठेवतो. लाख म्हणून विकतो. ही कालवाकालव या कार्टीची."

आत्याबाईंनी मुठीतला खडा पुन्हा तळहातावर घेतला. "म्हंजी ह्यो सुनेला."

"सुनेला."

"आन् ती निवळी पुष्कराज."

"हौ, बाई," चाचा म्हणाले. पुष्कराज त्यांच्या मुठीत होता आणि मूठ छातीशी.

"आन् लय म्हाग हाय त्यो?"

चाचांनी किंमत सांगितली. आत्याबाईंनी पुन्हा विचारली. या घरात ती किंमत एकदा सांगून कोणालाच कळत नव्हती. मग त्या खडा तळहातावर उलटसुलट करत बसल्या. मला वाटलं, संपलं. आपला अपमान झाला असं त्यांनी धरलं. पण त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून काहीतरी हळूहळू वर सरकत होतं.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, शब्द चाखून बघावेत तशा, "पाथरीकर पुष्कराज द्यायला बसले व्हते, आन् मी न्हाई घेतला."

"नखानं उडवलात," मी म्हणाले.

"नखानं उडवला," त्यांनी दुरुस्ती मान्य केली. मग अप्पांकडे वळून, "सुनेला म्हनून द्या. गुरूला रंग दिसतो. किंमत त्याला कोन सांगायला जातंय?"

ओसरीवरून ठसक्याचा आवाज आला. आत्याबाई न बघताच म्हणाल्या, "त्याच्या पाठीत एक घाला कुनीतरी."

साखरपुडा दुसऱ्या दिवशी झाला. अप्पांनी अंगठी घालताना सगळ्या मंडळींत मोठ्यानं सांगितलं, "हा सुनेला हाय." त्यांच्याकडे बघणाऱ्याला वाटावं, जावयाला जहागीर दिली. आणि झरीला आत्याबाईंनी घरोघर सांगितलं की सुनेच्या बापानं पुष्कराज पुढं केला होता, आपण तो रंगाला उतरला नाही म्हणून उडवून लावला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पुढच्या उरुसाला झरीहून पाच-सहा माणसं पाथरीला आली आणि चाचांकडे "डाळीचा सुनेला" मागू लागली. मध नको, लिंबू नको, पुखराज तर फुकट दिला तरी नको. चाचा अप्पांना म्हणाले, "सेठ, तुम्हारी समधन मेरा आधा धंदा चढाई, आधा डुबाई."

मास्तरांचा गुरू बळकट झाला की नाही, मला माहीत नाही. अंगठीवर कायम खडूची भुकटी असायची, त्यामुळे गुरूला तो रंगही किती दिसला असेल कोण जाणे. मला त्यांनी आमच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलं. आत्याबाई काठावर बसून मला सूचना करायच्या, त्यांना स्वतःला पोहता येत नसताना.

दर बेस्तरवारी त्या भाच्याचा हात ओढून घ्यायच्या, पदरानं खडू पुसायच्या आणि दानाच्या डाळीतला एक दाणा खड्याशेजारी धरून बघायच्या. "रंग उतरला न्हाई," असं म्हणून हात सोडायच्या. एका साली अवकाळी पावसात हरभरा सापडला आणि डाळ फार फिकी निघाली. त्या गुरुवारी दाणा आणि खडा काही केल्या जुळेनात. आत्याबाईंनी दाणा उलटा केला, दारात नेला, परत आणला.

मग त्यांनी दाणा परातीत टाकून दिला.

"अवंदा डाळ नकली हाय," त्या म्हणाल्या.